लिंबाखालची मोजणी

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं आणि पाठोपाठ थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवर चालत्या ट्रकमधून माल उतरवणारे बहाद्दर पाहिले. पण कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की माझ्या तोंडात पहिली येते ती एका डब्याची केस.

माझी ती शेवटची नेमणूक. नळदुर्गच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की एक बाजारपेठेचं गाव लागतं. माणसांची नावं घ्यायची नाहीत असं ठरवलंय, म्हणून गावाचंही सांगत नाही. दुकानात मराठी, घरात कन्नड आणि भांडणात दोन्ही, असं ते गाव. ठाण्यात मी प्रभारी, हाताखाली मोजकी माणसं, आणि बारनिशीला, म्हणजे आवक-जावक कागदांना, एक जुना हवालदार. त्याला प्रत्येक अर्जात गुन्हा दिसायचा.

एके दिवशी सकाळी हजेरी चालू असताना पुण्याहून आलेली एक मुलगी ठाण्यात आली. वय सव्वीस-सत्तावीस. ती स्मार्ट सिटीवर संशोधन करत होती. मोठ्या शहरांत कॅमेरे, आपोआप चालणारे सिग्नल, माणसं मोजणारी यंत्रं बसली. त्यानंतर तिथल्या लोकांचं चालणं, थांबणं, गप्पा मारत उभं राहणं बदललं का, हा तिचा विषय. तुलनेला तिला असं एक गाव हवं होतं जिथं यातलं जवळजवळ काहीच आलेलं नाही. म्हणून तिनं आमच्या बाजारात चार खांबांवर चार डबे बसवले होते. जेवणाच्या डब्याएवढे, वर सौर पट्टी, आत सिमकार्ड. डबा वरून खाली बघायचा आणि खालून किती माणसं गेली, कुठल्या दिशेनं गेली, किती वेळ थांबली, एवढं मोजून तिच्या लॅपटॉपवर पाठवायचा. फोटो नाही, नाव नाही.

त्यातला चौथा डबा गायब झाला होता. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर एक मोठा कडुलिंब आहे, त्याच्या शेजारच्या खांबावरचा.

"सर, सलग तीन महिन्यांचे आकडे लागतात," ती म्हणाली. "दोन महिने झालेत. आठवडाभरात डबा मिळाला नाही तर आमचे मार्गदर्शक म्हणतात, हे गावच सोडून द्या. माझं वर्ष वाया जाईल."

बोलताना तिनं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मी तिला पाणी दिलं, अर्ज घेतला आणि स्टेशन डायरीला गहाळ म्हणून नोंद केली. हवालदाराचं मन काही भरेना. "साहेब, सरळ चोरीचा दाखल करू," तो म्हणाला. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

जागेवर जाऊन पाहिलं. खांबावरची लोखंडी पट्टी शाबूत होती, आणि डबा ज्या चार स्क्रूंवर बसला होता ते चारही स्क्रू काढून परत त्याच भोकांत पिळून ठेवले होते. ही गोष्ट मला खटकली. भंगारवाला डबा उपटून नेतो. टवाळ पोरं दगड मारतात. स्क्रू जागेवर परत लावणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. चौकात लोकवर्गणीतून बसवलेला आमचा कॅमेरा होता, त्यात पाहिलं तर लिंबाच्या फांद्याच फांद्या.

दुसऱ्या दिवशी खबर आली. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं बीटच्या शिपायाला सांगितलं, की परवा सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला नगरपरिषदेची शिडी त्या खांबाला लावलेली त्यानं पाहिली. शिडीवर कोण होतं ते फांद्यांमुळं त्यालाही दिसलं नाही. पण शिडी कुणाच्या ताब्यात असते हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

कंत्राटी वायरमनला बोलावलं. तो आला तेव्हाच त्याची पाचावर धारण बसली होती.

"शिडी तुझ्याकडंच असते ना?"

"व्हय सायेब."

"परवा कुणाला दिली होतीस?"

"कुनाला न्हाय."

"मग तू चढला होतास?"

"म्या न्हाय सायेब. आईची आन."

तासभर विचारलं, पण गडी ताकास तूर लागू देईना. मी माझ्या अनुभवाचं सांगतो. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा माणूस दाराकडं बघतो. दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलणारा आपल्या पायांकडं बघतो. हा सारखा आपल्या चपलांकडं बघत होता. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं. हवालदारानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच डबा नेलाय.

हवालदाराचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं. सिमकार्ड आहे तर टॉवरचं लोकेशन काढावं. पण त्यासाठी जिल्ह्याला पत्र जाणार, उत्तराला चार-पाच दिवस लागणार, आणि उत्तर येणार ते हेच की सिम याच गावात आहे. गाव लहान, टॉवर एक. मी पत्र पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं, "ताई, डबा नेल्यापासून त्याचे आकडे यायचे बंद झालेत का?"

"येतात, पण बिघाड झालाय सर. काहीही येतंय."

"तो बिघाड दाखवा मला."

तिनं लॅपटॉप उघडला. दोन दिवसांचे आकडे होते. सकाळी नवाच्या सुमाराला चार-पाच मिनिटांत अडतीस जण एका दिशेनं गेले. मग दिवसभर कुणी नाही. संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी अडतीस जण उलट्या दिशेनं परत. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी अडतीस, संध्याकाळी अडतीस.

मी बेंबळीच्या बाजूच्या एका खेड्यातला. लहानपणी आमच्या घरी शेरडं होती आणि शाळा सुटल्यावर ती मोजून आत घ्यायचं काम माझ्याकडं होतं. एक जरी कमी भरलं तरी जेवण मिळायचं नाही. ते आकडे बघून मला इतकं हसू आलं की मुलगी घाबरली.

"ताई, यंत्र एकदम ठणठणीत आहे," मी म्हटलं. "सकाळी जेवढे गेले तेवढेच संध्याकाळी परत आले, असं माणसाच्या बाबतीत कुठल्याच गावात होत नाही. ही शेरडं आहेत."

गावाच्या कडेला शेरडांची वाडगी, म्हणजे कुंपण घातलेले गोठे, चार-पाच. अडतीस शेरडांचं एकच. तिथं गेलो तर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि वाडग्याच्या तोंडावर उंच आडव्या टाकलेल्या लाकडाला आमचा डबा सुतळीनं व्यवस्थित बांधलेला. सौर पट्टीवरची धूळसुद्धा कुणीतरी पुसली होती. वाडग्याचा मालक, सत्तरीतला म्हातारा, बाजेवर बसून काठी तासत होता.

"आजोबा, हे काय?"

"मशीन हाय."

"इथं कुणी लावलं?"

"बायको म्हनली टांगा, म्या टांगलं. तिलाच इचारा. बाजारात बसती, लिंबाखाली."

डोंगर पोखरून उंदीर निघावा तसं झालं. लिंबाखाली भाजी विकणाऱ्या मावशीला मी चांगला ओळखत होतो. वीस वर्षांची तिची ती जागा. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, ती जिथं असेल तिथं जाऊन विचारायचं असतं. म्हणून महिला शिपाई आणि ती मुलगी यांना आणि वाडग्यावरून सोडवलेला डबा घेऊन मी लिंबाखाली गेलो. मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. आम्हाला बघून तिनं पोतं झटकलं आणि अंथरलं.

"बसा सायेब. येनार ते ठावं व्हतं."

"मावशी, डबा तुम्ही काढला?"

"व्हय, म्याच काढला. वायरमनला म्हनलं ताडपत्री बांधायची हाय, जरा शिडी दे. त्याचा काय बी दोष न्हाय."

"का काढला?"

तिनं त्या मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सायेब, त्याच्यावर काय लिवलंय ते वाचा की. नातीकडून वाचून घेतलं म्या."

डब्यावर पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: मोजणी यंत्र. हात लावू नये.

"मोजनी," मावशी म्हणाली. "माज्या भैनीचं हायवेच्या कडंला हाटेल व्हतं. आधी मोजनीवाले आले, चुन्याची रेघ मारून गेले. मागनं जेसीबी आलं. हितं फरशी बसवनार, आमाला बाजारामागं उकिरड्यापाशी हलवनार, असं चार म्हैन्यापासून ऐकतोय. आन मंग हे मशीन आलं. आता मोजनी मशीननं वरूनच करत्यात म्हनं. माजी जागा गेली तर म्या कुठं बसू सायेब? तिकडं उकिरड्यावर गिऱ्हाइक येतंय व्हय?"

आमच्याकडं मोजणी म्हणजे जमिनीचीच. दुसरी मोजणी शेतकऱ्याच्या कानाला ठाऊक नाही. त्या मुलीच्या तोंडावरचा रंगच उडाला. "मी मुद्दाम इंग्रजी शब्द टाळला होता," ती हळूच म्हणाली. "लोकांना कळावं म्हणून."

"कळलं की," मी म्हटलं. "चांगलंच कळलं."

"पण मावशी, मग टाकून का नाही दिला?" तिनं विचारलं. "वाडग्यावर का बांधला?"

मावशीला हा प्रश्न खुळ्यासारखा वाटला असावा. "सरकारी वस्तू मोडू नये. आन वाडग्याची जागा आमच्या नावावर हाय, सातबारा हाय. तिथं मोजू दे की काय मोजायचं ते!"

महिला शिपायानं तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. मी मात्र हसलो नाही, कारण मावशीचं पुढचं वाक्य मला उद्देशून होतं.

"म्या आधी इचारलं व्हतं सायेब. तुमच्याच शिपायाला. म्हनलं, बाबा, हे काय लावलंय? तो म्हनला, मोजनी हाय, तुला काय करायचंय, गप भाजी इक."

लाज वाटते असं सुरुवातीला म्हणालो, ती इथली. परवानगीच्या पत्राची प्रत ठाण्याला आली होती. मी ती वाचून, सही करून फायलीला लावली होती. हजेरीत उभ्या असलेल्या माझ्या माणसांना एका वाक्यात सांगितलं असतं की हे डबे फक्त माणसं मोजतात, तर हे काहीच घडलं नसतं. मी सांगितलं नाही. शिपायालाही ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायला खाकी वर्दीला जड जातं. त्यापेक्षा दरडावणं सोपं.

मी मावशीची माफी मागितली. बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर. हवालदाराला ते आवडलं नाही, पण मला बरं वाटलं.

आता गाडी त्या मुलीवर येऊन थांबली. तिनं तक्रार लावून धरली असती तर मला गुन्हा दाखल करावा लागला असता. मुलगी पोत्यावर बसली, तिनं डबा मांडीवर घेतला आणि तो काय करतो ते समजावून सांगितलं. इथं किती लोक येतात, किती बायका सावलीला थांबतात, किती वेळ बोलत उभ्या राहतात, एवढंच तो बघतो.

"म्हंजे तुज्या मशीनला कळतंय, हितं लोक थांबत्यात म्हनून?"

"हो. सगळ्या बाजारात सगळ्यात जास्त इथंच थांबतात, मावशी. दोन महिन्यांचे आकडे आहेत माझ्याकडं."

"मंग आमची जागा जायची न्हाय?"

मुलीनं डबा मांडीवरून खाली ठेवला. "ते माझ्या हातात नाही. खोटं सांगणार नाही. पण इथं माणसं थांबतात हे मी लिहीन, आणि ते नगरपरिषदेलाही देईन."

मावशीनं विचार केला. "लिव मग. पन काय लिवलंस ते आधी आमाला वाचून दाव."

त्याच दुपारी वायरमननं उजळ माथ्यानं शिडी लावली आणि डबा खांबावर चढवला. मुलीनं ठाण्यात येऊन वस्तू मिळाली, कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं लिहून दिलं. डब्यावरचा कागद तिनं बदलला, पण मजकूर मावशीनं सांगितला: "हितं मानसं मोजत्यात. जागा न्हाय." शुद्धलेखन दुरुस्त करायला मी मनाई केली. गेलेले दिवस मार्गदर्शकांनी चालवून घेतले. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र लावल्यावर लोक कसे वागतात हाच तर विषय होता, आणि त्याचं याहून चांगलं उदाहरण कुठं मिळणार?

पुढं फरशी बसली. लिंबाभोवतीचा तुकडा मात्र तसाच मोकळा सोडला गेला आणि मावशी तिथंच राहिली. ते त्या मुलीच्या अहवालामुळं झालं की झाड तोडायचा कुणाला धीर झाला नाही म्हणून, ते मला आजही माहीत नाही. श्रेय कुणाचं याच्या चौकशीत मी पडलो नाही.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली, आणि ती फार उशिरा शिकवली. विचारणाऱ्याला उत्तर दिलं नाही, तर तो उत्तरावाचून राहत नाही. आपल्या आयुष्यात जे पाहिलंय त्यातून तो स्वतःचं उत्तर तयार करतो आणि त्याप्रमाणे वागतो. मग आपण त्याला आरोपी म्हणतो. राहिलेल्या नोकरीत मी रोज हजेरीला सांगत असे, लोकांनी विचारलं तर सांगा. ठाऊक नसेल तर ठाण्यात येऊन विचारा आणि परत जाऊन सांगा. शहरं स्मार्ट करायला निघालेल्या मोठ्या लोकांनाही माझं एवढंच सांगणं आहे.

निवृत्तीनंतर मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम लिंबाखाली डोकावलो. मावशीनं पोतं अंथरलं. ती मुलगी आता प्राध्यापक झाली आहे आणि दर पंधरा दिवसांनी मावशीला फोन करते, असं कळलं.

"काय बोलते?" मी विचारलं.

"परवा इचारत व्हती, मावशी, आजकाल किती मानसं येत्यात?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हनलं, मशीन पाठवू नकोस. सवडीनं ये, हितं माज्याशेजारी बस, आन तूच मोज."