नामंजूर रजा

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला माझ्यासारखाच तो रोज संध्याकाळी यायचा. डोक्यावर आमच्याच कंपनीची टोपी. पण कंपनीत हजारो कामगार. ना तो मला ओळखत होता, ना मी त्याला. एकदा टोपी काढून तो नुकतंच मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

“कोण गेलं?” मी विचारलं.

“आई, पावणं. कंपनीनं आपरेशनचं समदं बिल भरलं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात आमच्या भावकीतलं कोण गेलं न्हवतं. फकस्त दोन दिवसाची रजा दिली न्हाय. ती गेली तवा मी मशीनवर हुतो.”

उत्पादन अडू नये म्हणून त्या आठवड्यातल्या सगळ्या रजा मीच नामंजूर केल्या होत्या, कारणं न वाचता.

“रजा नाकारणाऱ्याचा राग येत नाही?”

“त्यो तरी काय करणार? त्यालाबी घरदार असंलच की.”

तो मीच, हे न सांगता मी हातातला ग्लास खाली ठेवला. माझ्या आईची औषधंही कंपनीच्याच विम्यावर चालतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रजेचे अर्ज आले. या वेळी मी प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचला, आणि वरून आदेश होता म्हणून प्रत्येक नामंजूर केला.