कळकलेलं पनीर

ऐंशी सालच्या आसपास माझे वडील लखनौला विषांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. दिवसभर लोकांच्या खाण्यातलं शिसं नि तांबं शोधायचं आणि संध्याकाळी महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी येऊन आमच्या तोंडची चव घालवायची, असा त्यांचा दुहेरी उद्योग. चौकातल्या पनीरला घरात बंदीच होती.

"कसल्या डब्यात दाबतात, कुणास ठाऊक! शिसं हाडात शिरलं की जुन्या भाडेकरूसारखं बसतं. हलायचं नाव नाही!"

मग एकदा त्यांचे साहेब जेवायला येणार ठरलं. दिल्लीच्या परिषदेला कुणाला पाठवायचं ते साहेबांच्या हातात, आणि वडिलांचा जीव त्या परिषदेत. त्यांनी पनीर जातीनं केलं. पितळी पातेल्यात दूध तापवलं, लिंबं पिळली, आणि ते तसंच ठेवून शर्टाला इस्त्री करायला गेले.

मटर-पनीर टेबलावर गेलं, साहेब हात धुवायला उठले, तेव्हा कुठे आईनं रस्सा चाखला.

"अहो, कळकलंय!"

"मोजल्याशिवाय बोलू नये."

"कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट घातलंत ना? मग खा आणि मोजा!"

वडिलांनी तुकडा तोंडात टाकला. चेहऱ्यावर आकडा उमटला.

साहेब येऊन बसले. त्यांनी चमचा उचलला, तसे वडील ओरडले, "सर, एक मिनट! तांबे के बारे में…"

पुढचा प्रयोग मी डोळे भरून पाहिला. चमचा ताटातून उठला की वडील मळमळीवर. हनुवटीपाशी आला की उलट्यांवर. ओठांना टेकणार, तर थेट यकृतावर! साहेब तल्लीन होऊन ऐकत होते, पण चमचा काही खाली ठेवत नव्हते.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. नाहीतर त्यांचं पोट सांगेल!"

अवयव संपत आले होते. वडिलांनी डोळे मिटले.

"सर, ये पनीर मत खाइए. ये… कळक गया है."

"कलकत्ता गया है?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "कौन?"

शेवटी आईनंच बाहेर येऊन तो पितळी घोळ हिंदीत समजावला आणि मटर-पनीर उचलून नेलं. साहेब पुरी-लोणच्यावर जेवले. निघताना त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिल्ली आप ही जाइए. यही भाषण दीजिए. बस, लंच के बाद."