बरं दिसत नाही

आईला चष्मा लागल्याचं मला डिचोलीत कळलं. लग्न होऊन मी तिथे आले होते. नवरा खाणीच्या कचेरीत, मी शाळेत. इब्रामपूरचं माहेर तसं लांब नव्हतं, पण ते गोव्यातल्या भाषेच्या भांडणाचे दिवस होते. आज बस बंद, उद्या रस्त्यात झाड आडवं. कोकणी की मराठी यावरून चहाच्या दुकानात जन्माचे सोबती एकमेकांशी बोलेनासे झाले होते. कुठल्या भाषेत बोलेनासे झाले, तेवढं कोणी ठरवलं नव्हतं. त्यामुळे माहेरी जाणं पुढे पुढे ढकललं जायचं, आणि खरं सांगायचं तर शाळा, घर, सासूबाईंचं दुखणं यातून अंगात जाण्याइतकी ताकदही उरायची नाही.

माझे वडील मराठी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. घरात आम्ही सगळे आमच्या पेडणे तालुक्याची बोली बोलायचो, बाबासुद्धा. पण परका माणूस समोर आला की त्यांचा आवाज बदलायचा आणि आम्हीही बदलावं म्हणून डोळे मोठे व्हायचे. बोली घरात नेसायची, बाहेर जाताना बदलायची, जुन्या लुगड्यासारखी. आईची शाळा जेमतेम झालेली, तरी तिने ही शिस्त जन्मभर पाळली. तिचं बाहेरचं मराठी म्हणजे बोलीतलंच वाक्य, फक्त ‘माका’च्या जागी ‘मला’.

त्या वर्षी आई गप्प झाली. चुलीवर आमटी करपायची आणि ही जनेलाकडे, खिडकीशी उभी. केस विंचरायचे राहायचे. कपडे घेऊन न्हंयेवर, म्हणजे गावच्या नदीवर गेली की सांज झाली तरी परतायची नाही. भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा, आठवडा आठवडा घराबाहेर, म्हणून दोन लहान मुलं आणि सगळं घर वहिनीच्या अंगावर पडलं. शेवटी वहिनीच बाबांना म्हणाली, आईंना कुणाला तरी दाखवा. बाबा तिला सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर घाटावरचे. वाटेत बाबांनी नेहमीचं बजावलं, नीट मराठीत सांग. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय, मावशी?” आणि आईने शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं, “मला बरं दिसत नाही.”

आमच्या बोलीत डोळ्यांना दिसतं तसं मनालाही दिसतं. ‘माका वायट दिसता’ म्हणजे मला वाईट वाटतं. ‘माका बरां दिसना’ म्हणजे माझं कशात मन नाही. आईने तेच वाक्य मराठी करून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि चष्म्याच्या नंबरासाठी पुढे पाठवलं. बाबा शेजारीच बसले होते. बायको चारचौघांत शुद्ध बोलली याचंच त्यांना इतकं समाधान वाटलं की ती काय बोलली इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

चतुर्थीला मी गेले तेव्हा आई चष्मा लावून खोबरं किसत होती. चेहरा उतरलेला, हात सावकाश. मी सहज विचारलं, “आये, आता बरां दिसता मगे?”

“चष्म्यान कसां दिसतला गे, बाय?”

“मगे घालतंस कित्याक?”

“डाक्टरान सांगलां.”

मला हसू आलं, आणि ते तोंडातच राहिलं. मी किसणी तिच्या हातातून काढून घेतली आणि विचारलं, काय बरं दिसत नाही. तिने खाली सांडलेलं खोबरं गोळा केलं. मग म्हणाली, “कितांच ना. जेवाण बरां दिसना. नातरां पोटाकडे येतत, तीं बरीं दिसनत. सकाळ जाली की उठांक दिसना.” आणि अगदी साध्या आवाजात, “न्हंय तेवडी बरी दिसता. तिच्यात जावन रवासां दिसता.”

ओसरीवरून बाबांचा आवाज आला, “औंदा पावस बरो जालो मगे, भरून व्हांवता.”

मला इतका राग आला की काय करू समजेना. बाबांचा आला, त्या चष्म्याचा आला, गणपतीपुढे आरत्या म्हणणाऱ्या त्या भरल्या घराचा आला. बाई घरात बसून मरणाची गोष्ट सांगते आहे आणि आम्ही पावसाचा हिशेब करतो आहोत. मी ओसरीवर जाऊन बाबांना बोलीत सांगितलं, आईला नदीत जाऊन राहावंसं वाटतं, म्हणजे काय ते तुम्ही ओळखा. ते मास्तर होते, त्यांना वाक्य फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांच्या मांडीवरचा पेपर खाली घसरला, तो त्यांनी उचललाही नाही.

तरी आईला पणजीच्या मनोरुग्णालयात न्यायला त्यांनी बरेच दिवस लावले. त्या दवाखान्याला लोक पिशांचं, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे, आणि मास्तराची बायको तिथे गेली हे गावात कळणं त्यांना परवडणारं नव्हतं. आधी देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल घेतला. देवाने उजवी दिली म्हणून निघालो. डावी दिली असती तरी मी आईला नेलंच असतं, पण ते देवाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या सासष्टीच्या, कोकणीच बोलणाऱ्या होत्या. “तुका कितें जाता गे, माय?” असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. आई कोकणीत बोलत राहिली, रडली, पुन्हा बोलली, आणि बाबा तिच्याकडे बघत बसले होते.

त्यानंतरची वर्षं आठवली की मला आधी दमणूकच आठवते. आईला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. वहिनीने कपडे घरी धुवायला सुरुवात केली. ती माहेरी गेली की मी बस बदलत इब्रामपूरला यायची. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी गावोगाव मिठाई वाटली म्हणे. मी त्या वेळी आईची नखं कापत होते. गोळ्यांनी तिला झोप यायची, अंग सुजायचं. शेजारणी यायच्या, “आता बरी आसा मगे?” विचारायच्या आणि उत्तर न ऐकता पाव आणायला पोदेराच्या, पाववाल्याच्या मागे धावायच्या. बरी आसा म्हणण्यासारखे दिवस यायचे, जायचेही. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, नदीची इच्छा झाली का ते तिला रोज सरळ विचारा, विचारल्याने वाढत नाही. मी विचारायची. वहिनी विचारायची. बाबांना ते कधीच जमलं नाही. ते “गोळी घेतलीस?” एवढंच विचारायचे, तेही भिंतीकडे बघून. त्यावरून मी त्यांना फाडफाड बोललेही आहे. ते ऐकून घ्यायचे, आणि मग मलाच थकवा यायचा.

एका दुपारी बाबांकडे मराठीच्या सभेचे एक गृहस्थ आले होते. पांढरे कपडे, मोठा आवाज. भाषेचं पुढे काय होणार यावर दोघांचं चाललं होतं. मी आत चहा गाळत होते. आई माझ्या शेजारून उठून बाहेर गेली आणि बाबांच्या खुर्चीशी उभी राहिली. बाहेरच्या माणसासमोर ती कधी बोलायची नाही, बोललीच तर तिचं ते बाहेरचं मराठी.

“आयकतात?” ती म्हणाली. “माका आज न्हंयेर वचासां दिसता.”

गृहस्थ हसले. म्हणाले, “जाऊन या की, वहिनी. हवा छान आहे.”

मी गाळणं हातात घेऊन तशीच दारात आले. बाबांनी पाहुण्याकडे पाहिलंही नाही. आईचं मनगट धरून तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे जमिनीवर बसले.

“माका सांगलंस तां बरां केलंस,” ते म्हणाले. “न्हंयेर वचूं नाका. माज्याकडेन बस. कितां दिसता तां सगळां सांग माका.”

आणि ती सांगायला लागली. पाहुणा अवघडून ‘येतो’ म्हणत उठला. बाबा उठले नाहीत.