वर म्हणजे कुठे?

मास्तरांचा उभा जन्म बसमध्ये कंडक्टरी करण्यात गेला. निवृत्त झाले तरी जिभेचं वळण गेलं नाही. दारात मांजर आडवं बसलं, तरी म्हणायचे, "पुढे सरका!" बस सोडताना दोनदा घंटी वाजवायचे, म्हणून गल्लीत त्यांचं नाव 'डबलबेल' पडलं होतं. त्यांना खिळा काही सरळ ठोकता येत नाही, हेही गल्लीला ठाऊक होतं. घरात हात चालायचे ते बायकोचे. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्याच मशीनवर शिवलेले.

एका सकाळी कापड बेतता बेतता ती कोसळली. जीव वाचला, पण उजवी मूठ मिटली ती मिटलीच आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "हात रोज भरपूर गरम पाण्यात शेका, मग एकेक बोट उघडा. आता हयगय केलीत, तर मूठ कायमची अशीच राहील."

मास्तर शेगडीवर पातेलं तापवायचे आणि अंगण ओलांडून न्हाणीघरात न्यायचे. एक दिवस पाय घसरला आणि उकळतं पाणी पावलावर सांडलं. शेजारची नळवाल्याची बायको धावत आली.

"मास्तर, जन्मभर चालत्या बसमध्ये उभे राहिलात आणि अंगणात पडलात? आता पातेल्याला हात लावाल तर बघा!" तेव्हापासून पाण्याची किटली तीच आणून द्यायची. पण तिच्या किटलीनं हात जेमतेम ओला व्हायचा.

कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये एकदा तिथले लोक उन्हावर पाणी तापवण्याचा बंब करून दाखवणार होते. मास्तर लंगडत गेले. साऱ्या गोष्टी टाकाऊ: काळ्या रंगवलेल्या नळ्या, त्यांवर बूड कापून एकीत एक बसवलेल्या पारदर्शक बाटल्या आणि बाटल्यांच्या आत दुधाच्या कागदी खोक्यांच्या काळ्या रंगवलेल्या घड्या. मास्तरांनी सगळं मन लावून ऐकलं. फक्त टाकी कुठे ठेवायची हे सांगणं सुरू झालं, तेव्हा त्यांचा डोळा लागला.

मग बाटल्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या एकाच आकाराच्या हव्यात, नाहीतर एकीचं तोंड दुसरीच्या बुडात बसत नाही.

"बाटल्यांनाही गणवेश लागतो का हो?" नळवाल्याची बायको हसली खरी, पण दारोदार फिरून पोतं भरून तिनंच आणलं. बाटल्यांची बुडं कापताना मास्तरांची बोटंही कापली. नळवाल्यानं नळ्या जोडून दिल्या आणि तो दुसऱ्या गावी कामाला गेला. मास्तरांनी बाटल्यांची चौकट उन्हात भिंतीला टेकवली, जुना निळा ड्रम शेजारी जमिनीवर ठेवला आणि नळ्या त्याला जोडल्या.

दिवसभर रखरखीत ऊन पडलं. नळ्यांना हात लावला तर चटका बसायचा, ड्रममधलं पाणी मात्र गारच.

"पुढे सरका की रे!" मास्तर पाण्यावर ओरडले.

बायको दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "वर."

 मास्तर तिच्याजवळ बसत म्हणाले, "असं बोलू नये गं. वर आधी मी जाणार. रांग मोडायची नाही."

तिनं डावा हात खुर्चीवर आपटला. "वर! वर!"

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी किटली आली. मास्तरांनी बादलीतल्या गार पाण्यावर ती हलकेच ओतली. ढवळणार, तोच बायकोनं त्यांचं मनगट धरून हात बादलीत खोल दाबला. तळाशी गार. मग वर ओढला. गरम! तिनं ड्रमकडे बोट केलं.

"वर," ती म्हणाली.

 मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, गरम पाणी वर चढतं! आणि मी ड्रम खाली ठेवलाय! मला वाटलं, तू मला सोडून निघालीस."

"वेडे," ती म्हणाली. आजारानंतरचा हा नवा शब्द होता.

नळवाला परतल्यावर पोट धरून हसला आणि मग त्यानंच ड्रम न्हाणीघराच्या छपरावर चढवला. बायकोनं पूर्वी शिवणाच्या चिंध्या जोडून केलेली गोधडी मास्तरांनी ड्रमभोवती गुंडाळली. संध्याकाळी तोटी सोडली आणि बादलीभर वाफाळतं पाणी आलं. पहिली बादली त्यांनी शेजारी पोचवली. बाटल्या देणाऱ्या प्रत्येकाला घरी बोलावून बंब दाखवला. "बाटलीतून कोण काय प्यायलं, ते मला काय करायचंय? बाटली दिलीत, उपकार झाले," असं प्रत्येकाला हात जोडून सांगत राहिले.

हात रोज पाण्यात शेकला जाऊ लागला. आधी अंगठा सुटला. मग बरेच दिवस काहीच नाही. मास्तर तरीही प्रत्येक बोट नेमानं उघडायचे, मिटायचे.

एका दुपारी ते असेच न्हाणीघराच्या दारात उभं राहून तोटीकडे कौतुकानं बघत होते. मागून आवाज आला: टक्, टक्.

त्यांनी वळून पाहिलं. बायको डाव्या हातात रिकामी बादली घेऊन उभी होती आणि उजव्या हाताची तर्जनी बादलीच्या कडेवर होती. मूठ अर्धी उघडलेली. तिनं पुन्हा वाजवलं: टक्, टक्.

डबलबेल!  मास्तर दार अडवून तसेच उभे राहिले.

"सरका," बायको म्हणाली.