डेसच्या रायफलीचा दस्ता

मार्च १९८४, सोमवार. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो गावच्या क्लेम टियरनीने धाकट्या भावाची, डेसची, रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली आणि तो पॉलिश पेपर घेऊन कामाला बसला.

डेसला जाऊन दोन वर्षं झाली होती. कबरीवर अजून नंबराचा पत्राच होता. रायफल विकून दगड बसवायचा, त्यावर नाव कोरायचं, असं क्लेमने आणि डेसच्या मुलीने, बेव्हने, ठरवलं होतं. महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात डेसच्या खांद्यावर हीच रायफल होती. पुढे सैन्याने जुन्या रायफली विकायला काढल्या, तेव्हा पाठ असलेल्या नंबरावरून त्याने आपलीच हुडकून आणली. बेव्हने फोन केल्यावर बॅथर्स्टचा एक संग्राहक, रॉस पिकरिंग, गुरुवारी बघायला येणार होता.

क्लेमने अडतीस वर्षं गावच्या कारखान्यात रायफलींचे लाकडी दस्ते तपासले होते. एवढासा ओरखडा दिसला की लाल खडूची फुली, माल परत. आणि या दस्त्यावर तर चाकूच्या रेघोट्याच रेघोट्या.

"असला दस्ता मी हातून जाऊ दिला असता का?"

"काका, पुरे आता. पाठ धरेल."

"पाठ कधीच मेली, पोरी. हात आहेत अजून."

त्याने दस्ता घासला, जवसाचं तेल मुरवलं, नळीला नवा काळा मुलामा चढवला. बुधवारी रायफल नवीकोरी दिसू लागली.

पिकरिंगने चहाही घेतला नाही. बोल्ट काढून बॅटरीच्या उजेडात नंबर वाचले.

"नळी, बोल्ट, सगळे जुळतात. अशी क्वचितच मिळते."

क्लेमने बेव्हकडे पाहून डोळा मारला.

पिकरिंगने रायफल उलटी केली. दस्त्यावरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला.

"नावं कुठायत?"

"कसली नावं?"

"चार नावं कोरलीयत, असं या म्हणाल्या. हे कुणी घासलं?"

"मी. झकास झालंय ना?"

"मिस्टर टियरनी, गुळगुळीत दस्ते मला कुठेही मिळतात. मी त्या चार पोरांसाठी आलो होतो. आता ही सशांवर झाडायची बंदूक झाली."

"परत कोरून देतो की. हात चालतो माझा."

"मग ती खोटी होईल." पिकरिंगने टोपी उचलली. "माफ करा."

गाडी वळून गेली. क्लेमने विचारलं, "कोण होते गं ते?"

"बाबांचे सोबती. तिकडेच राहिलेले. नावं कधी वाचू दिली नाहीत त्यांनी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असतील, विचार करूनच घासताय."

तीन दिवस ती नावं क्लेमच्या चष्म्याखाली होती. त्याने ती खोट म्हणून पाहिली होती, वाचली नव्हती. एक मोठा 'एच' आठवत होता. तोही नक्की नाही.

बेव्ह कप विसळत होती. क्लेमने खण उघडला, कारखान्यातल्या लाल खडूचा तुकडा शोधला आणि त्या गुळगुळीत लाकडावर सावकाश फुली मारली.