नट-बोल्टांचं घर

विटांच्या भिंतीचा आमच्या साडूंइतका मनापासून राग करणारा माणूस महाडात तरी दुसरा झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोणाच्याही घरी गेले, की चहा यायच्या आधी ते उठत, बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत आणि पेशंट हाताबाहेर गेल्यासारखी मान हलवत. मग विचारत, "किती दिवस लागले बांधायला?" यजमान बिचारा अभिमानानं सांगे, "मध्ये दोन पावसाळे गेले." साडू माझ्याकडे बघत आणि मी कपात बघे, कारण पुढचं सगळं मला पाठ होतं. "दोन पावसाळे! आमचा ट्रक सकाळी येतो आणि संध्याकाळी तुम्ही आत पंखा लावून बसता. वाळू नको, पाणी नको, गवंड्याच्या मिनतवाऱ्या नकोत. आणि कंटाळा आला, तर बोल्ट सोडा आणि घर घेऊन दुसरीकडे जा!" कंटाळा आला की माणसं दुसरीकडे जातात, घर बरोबर नेत नाहीत, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस ते मला "सुशिक्षित" म्हणत होते. एरवी मास्तर म्हणायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते कोकणात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा. ते एका ठेकेदाराकडे मेकॅनिक होते आणि पत्र्याच्या केबिनीत राहायचे. काम पुढे सरकलं की अख्खी वस्ती बोल्ट सोडून ट्रकवर चढायची आणि दुसऱ्या गावाला उभी राहायची. बाकीच्यांना त्या केबिनीत नुसता उकाडा जाणवला, साडूंना मात्र तिच्यात साऱ्या माणसांचं भविष्य दिसलं. रेल्वे धावू लागली तेव्हा त्यांनी महाडबाहेर हायवेला लागून शेड घातली आणि सुट्या भिंती, म्हणजे पॅनेलं, तयार करायला घेतल्या. दोन पत्रे, मध्ये थर्माकोल, कडेला बोल्टांची भोकं. तेव्हापासून त्यांच्या खिशात कायम एक पाना असे. लग्नात झब्बा घातला तर झब्ब्याच्या खिशात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना मांडवाच्या खांबाचा एक नट ढिला दिसला. ते तिथंच वाकून तो आवळत बसले आणि निम्म्या अक्षता त्यांच्या पाठीवर पडल्या.

धंदा अगदीच चालला नाही असं नाही. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याला, पुलाच्या कामावर साहेबाला बसायला त्यांच्या केबिनी जायच्या. पण राहण्यासाठी म्हणून कोणी एकही नेली नाही. लोक वर्कशॉपमध्ये येत, भिंत वाजवून बघत आणि म्हणत, "डबा छान आहे हो." तो शब्द साडूंच्या जिव्हारी लागे. "मास्तर," ते मला म्हणत, "एकदाच, कोणा एकानं तरी माझ्या पॅनेलला घर म्हणावं. मग मी शेडला कुलूप घालायला मोकळा."

म्हणून त्यांनी शेडशेजारी एक नमुना उभा केला. दोन खोल्या, खिडकी, स्वयंपाकाचा ओटा, दारात तुळस. ग्रामसेवक बघायला आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "याला घर नंबर द्यायचा की गाडी नंबर?" ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यात राहायला गेल्या ऐन आषाढात. दुपारी पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर असा ताशा वाजू लागला, की नवराबायकोला हातवारे करून बोलायची वेळ आली. संध्याकाळ व्हायच्या आत ताईंनी देव पदरात घेतले आणि महाडातल्या भाड्याच्या खोल्या पुन्हा गाठल्या. "मी सोसलं असतं, पण देव घाबरले," एवढंच त्या म्हणाल्या. साडू त्यावर वाद घालत बसले नाहीत. फक्त जेवण झालं की त्या रिकाम्या नमुन्यात जाऊन एकटे बसू लागले. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही यायचा.

अशात आमच्या शाळेच्या शिपायानं त्याच्या वाडीतली हकीकत सांगितली. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. तिथल्या भागाबाईच्या घराचे वासे वाळवीनं खाल्ले आणि छप्पर खाली आलं. मुलं मुंबईला, म्हातारी आणि तिच्या शेळ्या मांडवाखाली. पावसाळा तोंडावर, आणि गवंडी वर यायला तयार नाही, कारण वाळू डोक्यावरून न्यायची आणि वैशाखात तिथं प्यायलाच पाणी नाही. साडू हे ऐकून उठलेच. कोणाला काही न विचारता त्यांनी नमुना घराचे बोल्ट सोडले आणि मला न विचारता माझा रविवारही देऊन टाकला.

ट्रक शेवटच्या वळणावर अडला तो अडलाच. मग वाडीची माणसं खाली उतरली आणि चौघाचौघांनी एकेक भिंत डोक्यावर घेतली. त्या दिवशी मी भिंती डोंगर चढताना पाहिल्या. सगळ्यांच्या मागून मी, खिडकी घेऊन. दिवस मावळायला घर उभं राहिलं आणि सगळ्यांच्या आधी शेळ्या आत शिरल्या. भागाबाईनं भिंतीवर हात मारला. "वाजतोय रे डबा!" ती खुशीत म्हणाली. साडूंचा चेहरा उतरला. खाली बसून पाना पुसत ते म्हणाले, "बाय, एवढं लक्षात ठेवा. पाणी लावायचं नाही, माती लावायची नाही. कोरडं ठेवलंत तर नातवंडांना पुरेल." भागाबाईनं सगळ्याला मान डोलावली.

दिवाळीनंतर शिपाई चाचरत सांगू लागला. भागाबाईनं पहिल्याच सणाला जमीन शेणानं सारवली. ती जमीन होती प्लायची. ती फुगली, तशी भागाबाईनं ती उपटून शेळ्यांच्या गोठ्याला लावली आणि आत माती चोपली. भिंतींनाही काय काय केलं होतं. साडूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "सोडून आणतो सगळं!" म्हणाले. पुन्हा माझा रविवार, पुन्हा तोच डोंगर आणि माझे तेच गुडघे.

वर पोचलो तर आमचं घरच सापडेना. समोर एक तांबडं घर होतं. पत्र्याच्या बाहेरून कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून तो मातीनं लिंपलेला, वर गवताचं जाड छप्पर. अंगणात भागाबाई शेळी पिळत होती.

"पत्रा लय तापायचा रे दादा," ती म्हणाली. "आन् पावसात कोन काय बोलतंय ता कळायचा नाय. मंग कूड घातला त्याच्या अंगावर."

साडू भिंतीवरून बोटं फिरवत कोपऱ्याशी गेले. तिथं बोल्ट हवे होते. "बोल्ट कुठे आहेत, बाय?"

"हायत आतमंदी. कशाला पायजेत?"

"उद्या हलवायचं झालं तर?"

भागाबाई हसू लागली. "घर कोन हलवतंय रे? माजा घर हाय ता. गाडी हाय काय?"

सवयीनं साडूंनी हात उचलला आणि भिंतीवर टकटक केलं. या वेळी भिंत वाजली नाही. मग ते दारातल्या ओट्यावर बसले आणि शेळीच्या दुधाचा चहा प्यायले. पाना खिशातच राहिला.

उतरताना ट्रक अडला होता त्या वळणावर ते थांबले. "मास्तर, घर म्हणाली ती. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"पण तेव्हा त्याच्यात माझं काही दिसतच नव्हतं हो."

आम्ही खाली आलो.

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी शेडला कुलूप घातलं, बोलल्याप्रमाणे. आता ते आणि ताई महाडात विटांच्या, पक्क्या फ्लॅटमध्ये राहतात. माझे रविवार मला परत मिळाले आहेत आणि रविवारी काय करायचं ते मला कळत नाही. परवा साडू आमच्याकडे आले होते. चहा येईपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. मी वाट बघितली. शेवटी मीच उठलो आणि आमच्या भिंतीवर टकटक केलं.

ते हसले. म्हणाले, "राहू द्या, मास्तर. चांगली आहे भिंत."