गोल टेबलाभोवती सहा जण

हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायचा धीर होतोय — तो तरी किती टिकतो, बघू.

मी बीडला एका बँकेत आहे. बदलीमुळं नवरा दुसऱ्या गावी, मी इथं एकटी. लोक म्हणतात, मॅडम लई हुशार, गणितात पक्क्या. म्हणू देत. शाखेतल्या बाया डबा खायला हाका मारतात, तेव्हा मी काहीतरी काम काढते आणि मागाहून एकटीच खाते. गर्विष्ठ आहे म्हणतात. गर्व कसला आलाय डोंबलाचा! कुणी जवळ यायला लागलं की मला नसरीन आठवते.

नसरीन माजलगावची. तिचे अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री. मी नांदूरघाटची, पुढाऱ्याची लेक. बँकेच्या परीक्षेसाठी आम्ही दोघी बीडला एका खोलीवर राहायचो, एकाच क्लासला जायचो. ही परीक्षा निघाली नाही तर लग्न, असं तिच्या अब्बांनी सांगून टाकलं होतं. माझ्या मागं असलं काही नव्हतं. नापास झाले असते तर वडिलांनी कुठंतरी चिकटवलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं.

एकदा क्लासात सरांनी गणित घातलं. सहा जण गोल टेबलाभोवती किती प्रकारे बसतील? मी लगेच म्हणाले, सातशेवीस. पहिल्या जागेला सहा जण, दुसरीला पाच, असं गुणत जायचं. तास संपला होता, सर उद्या बघू म्हणाले. खोलीवर आल्यावर नसरीननं हळूच सांगितलं की उत्तर एकशेवीस येतं. आमच्या घरी पंगत बसते — आधी आजोबांची जागा, मग वडिलांची, मग काकांची. पहिली जागा नाही असं जेवण मला माहीतच नव्हतं. तिच्या घरी सगळे एका मोठ्या ताटाभोवती बसायचे.

"समदे एकेक जागा सरकले तर बदललं काय ग? शेजारी तेच राहतेत की," ती म्हणाली. "म्हणून एकाला बसवून टाकायचं, अन् बाकीच्या पाचांचंच मोजायचं."

किती सोपं! मला पटलं — आणि लई राग आला.

दुसऱ्या दिवशी ती तापानं पडून होती. क्लासचा शेवटचा दिवस, मी एकटीच गेलते. सरांना विचारलं, नसरीन एकशेवीस म्हणते, खरंय का? ती चुकली एवढंच मला ऐकायचं होतं. सर म्हणाले, बरोबर आहे तिचं, पोरीला डोकं हाय. माझ्याबद्दल ते असं कधी म्हणाले नव्हते. बस, एवढंच. एवढ्यावरून माणूस असं करतं का?

खोलीवर आले. ती गोधडीतून उठून बसली आणि सर काय म्हणाले ते विचारू लागली.

"सातशेवीस," मी म्हणाले. "तुझं चुकलं. असल्या गणितात तुझं डोकं उलटं चालतं म्हणले."

का म्हणून बोलले असं? तोंडातून निसटलं, असं म्हणता आलं असतं — पण परीक्षेला अजून आठवडा होता. ती रोज समोर असायची. मी तिला पेज करून दिली, केस विंचरून दिले. तेवढं मात्र सांगितलं नाही. तिनं तो धडा पुन्हा उघडलाच नाही, तेही मी बघत होते.

परीक्षा सुटल्यावर केंद्राबाहेर ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस. तसले समदे प्रश्न मी सोडूनच दिले. उगं चुकून मार्क कशाला कापून घ्या?"

माझी निवड झाली. तिची अगदी थोडक्यात हुकली. त्याच गणितांमुळं कशावरून, असं तुम्ही म्हणाल. मीही हे पुष्कळ घोकलंय. घोकून काही होत नाही.

तिचं लग्न झालं. मी गेले नाही, काहीतरी कारण सांगितलं. त्यानंतर मला मैत्रीण झाली नाही. खरं सांगू? मी होऊच दिली नाही.

मागच्या महिन्यात ती बँकेत आली, लेकीचं खातं काढायला. मला बघून केवढी खूश झाली! लेकीला म्हणाली, ही माझी खोलीवरची मैत्रीण, लई हुशार. पोरगी धीट. तिला गणित आवडतं, मोठेपणी तेच शिकायचंय, असं तिनं मला आपण होऊन सांगितलं.

नसरीन हसली. "माझ्यावर न्हाई गेली बाई. मी पहिल्यापासून गणितात कच्ची. विचार मावशीला."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. नसरीनही बघत होती, हसत. मागं कुणी रांगेत नव्हतं. मला कसली घाई नव्हती.

"हो," मी म्हणाले. "कच्चीच होती."